आधी विचारा, मग खोला

गाडी चालताना थरथरली तर माणूस रस्त्याला शिव्या देतो. आपल्याकडे ती सोय बारमाही आहे. पण ब्रेक दाबल्यावरच थरथरायला लागली, की रस्ता निर्दोष सुटतो आणि संशयाची सुई गाडीकडे वळते. ताशी 80 च्या वेगाने गुमान चाललेली गाडी, टोलनाका दिसला म्हणून ब्रेकवर पाय ठेवावा, तर स्टिअरिंग असं कापायला लागतं की जणू टोल त्यालाच भरायचाय.

मग चिकित्सा सुरू होते. ताप आणि गाडी या दोन विषयांत आपल्याकडे डिग्री लागत नाही. उभ्या हयातीत स्कूटरपलीकडे न गेलेले काका मागच्या सीटवरून म्हणतात, "बॅलन्सिंग करून घे." सोसायटीतले शेजारी डोळे मिटून "अलाइनमेंट गेलीय" असा निर्वाळा देतात. मेव्हणे म्हणतात, "विकून टाक, दाजी." आणि गॅरेजवाला बॉनेटवर हात ठेवून, गाडी जागची न हलवता सांगतो, "साहेब, डिस्क बेंड झाल्यात. डिस्क-पॅड, सगळा सेटच टाकू." एवढ्यांत एकही जण विचारत नाही, की बाबा रे, थरथर नेमकी कधी होते आणि कुठे जाणवते?

खरं तर निम्मं निदान या दोन प्रश्नांतच आहे, आणि तेही फुकट. काकांचं बॅलन्सिंग ब्रेकची वाट बघत बसत नाही. त्याची थरथर बहुधा 80 ते 100 च्या दरम्यान येते, पाय ब्रेकवर असो वा नसो. शेजाऱ्यांची अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतात. मेव्हण्यांचा उपाय रामबाण खरा, पण त्याने आजार बरा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरी जातो.

थरथर ब्रेकबरोबर येत आणि ब्रेकबरोबर जात असेल, तर पुढचा प्रश्न जागेचा. हातात, म्हणजे स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढच्या डिस्क. बुडाखाली, सीटमध्ये जाणवली तर मागचे ड्रम; आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे अजून ड्रमच असतात. शंका उरली तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हलके ओढून बघावा. गाडी तेव्हाही थरथरली, तर चोर मागच्या दाराने आलाय. आणि कचकन ब्रेक मारल्यावर पायाखाली जी धडधड होते, ती एबीएसची. ते बिचारं आपलं काम करत असतं, त्याला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करू नये.

आता राहिली ती बेंड झालेली डिस्क. ही डिस्क असते कास्ट आयर्नची. ती सहजासहजी वाकत नाही. होतं असं, की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. फरक केवढा? 2 शतांश मिलिमीटरसुद्धा पुरतो. आपल्या डोक्यावरचा (शिल्लक असल्यास) केस त्याहून कितीतरी जाड असतो. पण चाकाच्या दर फेऱ्याला पॅड त्या उंचवट्यावर आदळतात आणि एवढ्याशा फरकाने अख्खी गाडी हलते.

हा फरक येतो कुठून? कधी आपल्याच घाटातून. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना काही जण गिअर टॉपमध्ये ठेवून सगळा भार ब्रेकवर टाकतात. डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात, आणि खाली भजीची टपरी दिसली की ब्रेक गच्च दाबून गाडी उभी करतात. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर त्या एकाच जागी चिकटतो. भजी पचतात, थर राहतो.

दुसरा उगम अधिक बेरकी. पंक्चर काढताना पोरगा गन लावून नट टर्र-टर्र आवळतो, एक जास्त, एक कमी. किंवा हबवर गंज असतो, त्यावरच डिस्क बसवली जाते. डिस्क किंचित तिरकी फिरते, दर फेऱ्याला पॅडला एकाच ठिकाणी घासते आणि तिथे झिजते. थरथर सुरू होते ती काही हजार किलोमीटरनंतर. तोवर पंक्चरवाल्यावर संशय घेण्याचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

म्हणून उपचार स्वस्तापासून सुरू करावा. आधी नट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. मग चाक उतरवून हबला तारेचा ब्रश मारावा, कॅलिपरच्या पिना मोकळ्या आहेत का ते बघावं, लोअर आर्मचे बुश तपासावेत. बुश गेलेले असले तर बारीक थरथरही मोठी होऊन हातात येते. डायल गेज लावून डिस्क किती डुलते ते मोजावं. नंतर लेथवर कट. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्या खाली मात्र जाऊ नये. नवी डिस्क सगळ्यात शेवटी, आणि घेतलीच तर दोन्ही बाजूंची, नव्या पॅडसकट. आपण नेमकं शेवटून सुरू करतो, आणि गंजक्या हबवर बसवलेली नवी डिस्क यथावकाश थरथरू लागली की कंपनीला दोष देतो.

एक अडचण उरतेच. गॅरेजच्या गल्लीत शिरली की गाडी साळसूद होते. होणारच, तिथे वेग 30 चा आणि डिस्क गार. तेव्हा "ब्रेकमध्ये काहीतरी आहे" एवढ्यावर थांबू नका. कितीच्या वेगाला, गार असताना की घाट उतरल्यावर, हातात की सीटमध्ये, हे सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून हायवेवर न्या. पेडल मऊ लागत असेल किंवा गाडी एकीकडे ओढत असेल, तर मात्र चर्चा न करता त्याच दिवशी दाखवा. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच्या ब्रेकला पॅड लागत नाहीत.