एका छर्‍याला चार विमे

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने एक गोळी झाडली. नॅशनल रायफल असोसिएशन आदल्याच वर्षी स्थापन झाली होती आणि तिच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन राणीच्या हस्ते होतं. व्हिटवर्थ बनावटीची रायफल आधीच घोडीवर आवळून बसवलेली, नेम जाणकारांनी आधीच धरून ठेवलेला. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या जवळजवळ मध्यावर गोळी लागली. ब्रिटिश नेमबाजीला आदर्श सभासद मिळाला तो त्या दिवशी. नेम संस्थेने धरायचा, दोरी सभासदाने ओढायची, आणि दोरी कोणी बांधली याची चौकशी करायची नाही.

एका खेळाला एक संस्था पुरे, असं म्हणणारे लोक असतात. त्यांनी कधी संस्था चालवलेली नसते. एकच संस्था असली की एकच अध्यक्ष, एकच खजिनदार आणि एकच वार्षिक भोजन. बाकीच्या कर्तबगार माणसांनी काय करायचं, नेमबाजी? ब्रिटिशांनी हा प्रश्न वेळेवर ओळखला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला नेम कसा धरतात ते दाखवल्यावर साध्या कामगारालाही बंदूक चालवता यावी असं सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सप्रभृतींना वाटू लागलं आणि १९०१ साली कामगारांच्या रायफल क्लबांची वेगळी संस्था निघाली. तीच पुढे १९४७ पासून नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांनी १९०८ साली आपली संस्था काढली. तिचं आजचं नाव ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन, म्हणजे बीएएससी. मातीच्या तबकड्या फोडणाऱ्यांची क्ले पिजन शूटिंग असोसिएशन १९२८ ची. नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांची निराळी, पळत-पळत गोळ्या झाडणाऱ्यांची निराळी. शिवाय या सगळ्यांनी एका सुरात बोलावं म्हणून ब्रिटिश शूटिंग स्पोर्ट्स कौन्सिल आहे. सूर एक असल्याबद्दल मला शंका नाही. बोलणारे तेवढे पुष्कळ आहेत.

आता हद्दी पाहा. मोठ्या काडतुसाची रायफल नॅशनल रायफल असोसिएशनकडे, म्हणजे थोडक्यात नॅशनलकडे, पॉइंट टू-टूची, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटरची, स्मॉल-बोअरकडे. इतकं स्वच्छ वाटप आपल्याकडच्या भाऊबंदकीतसुद्धा होत नाही. पण बांध म्हटला की तो थोडा सरकतोच. नॅशनलच्या ‘गॅलरी रायफल’ प्रकारात पॉइंट टू-टूच्या स्पर्धा आहेत आणि स्मॉल-बोअरकडे त्याच जातीच्या रायफलींसाठी हलक्या रायफलीचा स्वतंत्र प्रकार आहे. तीच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस, शनिवारी एका संस्थेच्या नियमाने आणि रविवारी दुसरीच्या. गोळीला हा फरक कळत नाही, पण गोळीला मत नसतं आणि ती वर्गणीही भरत नाही.

क्ले पिजनवाल्यांचं शास्त्र याहून सूक्ष्म आहे. तिथे नेमबाजाची सी, बी, ए, डबल ए, ट्रिपल ए अशी प्रतवारी असते आणि ती ठरते नोंदणीकृत स्पर्धेत फोडलेल्या तबकड्यांवरून. शेजारच्या शेतात, मित्रांबरोबर, बिननोंदणीच्या मैदानावर शंभरातल्या पंच्याण्णव फोडल्या, तर त्या फुटल्या. त्यांच्या ठिकऱ्या गवतात पडल्या. परंतु संस्थेच्या दृष्टीने त्या अजून हवेतच आहेत. खेळावर राज्य करणं म्हणजे काय, ते यापेक्षा थोडक्यात मला सांगता येणार नाही.

मधल्या काळात काही उतावळ्यांनी एकीकरणाचा घाट घातला. नॅशनल, स्मॉल-बोअर आणि क्ले पिजन अशा तिन्ही संस्था मिळून नॅशनल असोसिएशन ऑफ टार्गेट शूटिंग स्पोर्ट्स नावाची एकच संस्था करायची, असा बेत होता. तिघींची कार्यालयं सरे परगण्यात बिस्लीच्या एकाच आवारात, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे संसार एक करायला कोणाला सामानसुद्धा फारसं हलवावं लागणार नव्हतं. त्यासाठी बैठका झाल्या, अहवाल झाले, आणि २००९ साली बेत गुंडाळला गेला. एकत्र येणं परवडत नाही असा निष्कर्ष ज्यांनी काढला, त्यांच्या हिशेबीपणाला माझा नमस्कार. वेगळं राहण्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघतो. एकत्र येण्याचा खर्च पदांमधून काढावा लागतो.

पण संस्थांमधल्या या स्पर्धेचा खरा आत्मा आहे विमा. ब्रिटनमध्ये मोटारीला विमा कायद्याने सक्तीचा आहे; साध्या नेमबाजाला तशी सक्ती नाही. रायफल हवी असेल तर पोलिसांना सबळ कारण दाखवावं लागतं आणि मान्यताप्राप्त क्लबाचं सभासदत्व हे उत्तम कारण, त्यामुळे रायफलवाला आपल्या पायांनी संस्थेच्या दारात येतो. शॉटगनवाल्यावर कायद्याने तसा दाब नाही. त्याला दारापर्यंत आणायचं कसं? मग सभासदत्वाच्या कार्डासोबत थर्ड पार्टी विमा द्यायचा. बीएएससीच्या कार्डावर एक कोटी पौंडांचा. दुसऱ्यांनाही मग मागे राहून चालत नाही. मैदानवाले फाटकावरच विचारतात, विमा आहे का? अशा रीतीने जो विमा कायद्याने मागितला नाही तो फाटकाने मागितला, आणि नेमबाजीचं संघटन अपघाताच्या भीतीवर भक्कम उभं राहिलं. नेमबाजी हा फार सुरक्षित खेळ असल्याचं या संस्था सरकारला सांगत असतात. तोच खेळ किती धोक्याचा असू शकतो, हे त्या सभासदाला सांगत असतात. एकाच तोंडाने दोन्ही सांगावं लागलं असतं तर पंचाईत झाली असती. म्हणून तोंडं जास्त.

समजा, एखादे गृहस्थ शनिवारी तबकड्या फोडतात, रविवारी रायफल चालवतात, हिवाळ्यात आपल्या क्लबाच्या रेंजवर पॉइंट टू-टूने कार्डांना भोकं पाडून ती पोस्टाने होणाऱ्या लीगला पाठवतात, आणि मधूनच शेतकऱ्याच्या पिकावरची कबुतरं मारतात. त्यांच्या खिशात चार कार्डं आणि चार विमे. एके दिवशी त्यांच्या बंदुकीतला एक छर्रा शेजाऱ्याच्या काचघराला लागला. काच एक, छर्रा एक, विमे चार. काच चौपट भरून मिळेल असं वाटणाऱ्याला विमा कळलेला नाही. विम्यात झालं तेवढंच नुकसान मिळतं. कंपन्या फार तर ते आपापसांत वाटून घेतात. त्यातही अनेक पॉलिसींत एक गोड कलम असतं: दुसरीकडे विमा असेल तर आम्ही देणं लागत नाही. दोन्ही पॉलिसींत तेच कलम असेल तर दोघीही एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या. १९३२ साली असं मोटारीच्या एका प्रकरणात झालं तेव्हा इंग्रज न्यायालयाने ही कलमं एकमेकांना खोडून काढतात, तेव्हा दोघांनीही वाटा उचला, असा निकाल दिला. न्यायालयांना सौजन्याची कदर नसते. “आधी आपण”, “छे, आधी आपण” या लखनवी शिष्टाचाराला तिथे आळशीपणा समजतात. आमच्या गृहस्थांना मात्र एकूण फायदाच झाला: एक काच बदलायला चार हप्ते, आणि चार संस्थांच्या निवडणुकीत मत.

खेळ आणि संस्था यांत टिकाऊ कोण, याची परीक्षा १९९७ साली झाली. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर (त्यावर विनोद होत नाही) ब्रिटनने पिस्तुलांवर बंदी आणली. पहिल्या कायद्याने मोठी पिस्तुलं गेली आणि पॉइंट टू-टूची राहिली. म्हणजे संस्थांनी आखलेली हद्द सरकारनेही क्षणभर मान्य केली. त्याच वर्षी सरकार बदललं आणि दुसऱ्या कायद्याने तीही गेली. एक अख्खा खेळ नाहीसा झाला, संस्था मात्र एकही कमी झाली नाही. उलट २००७ साली, लंडन ऑलिंपिक तोंडावर असताना, ब्रिटिश शूटिंग नावाची आणखी एक जन्माला आली. ऑलिंपिकच्या नेमबाजीचा कारभार तिच्याकडे, आणि त्यात पंचवीस मीटर पिस्तूलही आलं, जे सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकाला इंग्लंडात घरी ठेवायची परवानगी नाही. जिथे बंदूकच नाही तिथे नियम मोडण्याचा प्रश्न येत नाही. इतका शिस्तबद्ध खेळ दुसऱ्या कोणत्या संस्थेला लाभला असेल?

या संस्कृतीचा वारसा आपल्याकडेही पोचला, निदान नावापुरता. १९५१ साली निघालेल्या आपल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. लोकसभा शांत ठेवणाऱ्या माणसालाच हे काम द्यावंसं वाटलं, यात दूरदृष्टी दिसते.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला नेमबाजीत सात सुवर्णांसह सोळा पदकं मिळाली. त्यात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचं सुवर्ण आणि रौप्य होतं. लगेच पुढच्या, २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेतून नेमबाजी वगळण्यात आली. बिस्लीची रेंज, जिथे २००२ ची राष्ट्रकुल नेमबाजी झाली होती, ती बर्मिंगहॅमपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. ज्या देशात या खेळाला इतके पालक, त्या देशात पोराला मांडवात जागा मिळाली नाही, म्हणून कोणी हसेल. पण पालकांनी पोराजवळ राहिलंच पाहिजे असं कुठल्याही घटनेत लिहिलेलं नाही. भारताने बहिष्काराची भाषा केली, २०१९ च्या डिसेंबरात ती मागे घेतली, आणि तोडगा निघाला: नेमबाजी आणि तिरंदाजीची राष्ट्रकुल स्पर्धा जानेवारी २०२२ मध्ये चंडीगडला, सुमारे सहा महिने आधी, दुसऱ्या खंडात. पदकं मूळ स्पर्धेत धरायची नाहीत, पण मूळ स्पर्धा संपल्यावर त्यांच्यासह एक वेगळी यादी जाहीर करायची. बिननोंदणीच्या तबकडीचं तत्त्वच हे, फक्त समुद्रापलीकडे नेलेलं.

जुलै २०२१ मध्ये कोविडमुळे चंडीगडही रद्द झालं. मान्यता होती, यजमान होते, पदकांची यादी कशी करायची याचे नियमही ठरलेले होते. तेवढी गोळी झाडायची राहिली. विमा कंपनीच्या दृष्टीने नेमबाजीच्या इतिहासात यापेक्षा निर्धोक स्पर्धा झालेली नाही.