नवसागराचा रकाना

विज्ञानाच्या वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली असते. डावीकडे भौतिक बदल, उजवीकडे रासायनिक. बर्फ वितळणे डावीकडे, लोखंड गंजणे उजवीकडे. कागद फाडणे डावीकडे, कागद जाळणे उजवीकडे. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी ही यादी घडाघडा येते, आणि तिच्या मागोमाग ‘भौतिक बदल तात्पुरता, रासायनिक बदल कायमचा’ हेही येतं. या हिशेबाने काचेची बरणी फुटणं हा भौतिक बदल, कारण काच शेवटी काचच राहते. तरी बरणी फोडणाऱ्याला ‘असू दे, बदल तात्पुरताच आहे’ म्हणणारी आई माझ्या पाहण्यात नाही.

रेघेबद्दल माझी तक्रार नाही. दोन गुणांच्या प्रश्नाला रेघ लागतेच. फक्त कल्हईवाला दारात आला, की ती मारायची कुठे ते कळेनासं होतं.

हल्ली तो येत नाही, त्याला शोधावा लागतो. स्टीलने त्याचं पोट मारलं. आता पितळी पातेली पुन्हा हौसेने घरात येऊ लागली आहेत, आणि त्यांत ठेवलेलं ताक कळकलं की हौशी मंडळींना कल्हईची आठवण होते. आंबट पदार्थात पितळेतलं तांबं आणि जस्त उतरतं. कथील त्या आंबटाला फारशी दाद देत नाही, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा.

जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पातेलं आधी घासून लख्ख करायचं आणि पकडीत धरून निखाऱ्यांवर फिरवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट. भपकन पांढरा धूर उठतो, नाकात झिणझिण्या येतात, बघायला जमलेली पोरं दोन पावलं मागे सरतात. लगेच कथलाची पट्टी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं. काळवंडलेल्या पातेल्याला क्षणात चांदीची कळा येते. मग पाण्यात बुडवायचं. चर्र!

कथील वितळतं 232 अंश सेल्सिअसला. पितळेला वितळायला नऊशेच्या पुढे जावं लागतं, तांब्याला तर 1085 पर्यंत. म्हणून पातेलं शाबूत राहतं आणि कथील तेवढं पाणी होतं. वितळणं, पसरणं, थिजणं, सगळं डाव्या रकान्यात. इथवर ठीक.

खरी गोची नवसागराची. शाळेच्या पुस्तकांत तो कापूर आणि आयोडीनच्या पंगतीला बसलेला असतो. तापवला की घनाचा थेट वायू, गार झाला की पुन्हा घन. याला संप्लवन म्हणायचं आणि डावीकडे लिहून मोकळं व्हायचं. कापराचं ते खरंच आहे. नवसागर मात्र तापला की फुटतो, त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. दोन्ही वायू बिनरंगी. आपल्याला दिसतो तो धूर म्हणजे गार हवेत ते दोघे पुन्हा जुळून तयार झालेले नवसागराचे बारीक कण. निखाऱ्यावर काडीमोड आणि वीतभर उंचीवर पुन्हा लग्न! वऱ्हाड्यांना वाटतं, मध्ये काही घडलंच नाही.

यात पोरंच फसतात असं नाही. एकोणिसाव्या शतकात भलेभले रसायनज्ञ हैराण झाले होते, कारण नवसागराच्या वाफेची घनता हिशेबाच्या जवळजवळ निम्मीच भरे. अ‍ॅव्होगाड्रोचं म्हणणंच खोटं की काय, इथवर शंका गेली. 1862 साली लिओपोल्ड पेबाल यांनी ती वाफ सच्छिद्र बोळ्यातून झिरपू दिली. अमोनियाचा रेणुभार 17, हायड्रोजन क्लोराइडचा 36.5. हलका गडी पुढे निघाला, भारी मागे राहिला आणि लिटमसच्या कागदाने दोघांची चहाडी केली. गंमत अशी, की उष्णतेने होणाऱ्या अशा विघटनाचा अभ्यास ज्यांच्या नावावर आहे, ते फ्रान्सचे सँत-क्लेअर देव्हील हे मानायला तयार नव्हते. विद्वानांचं असं होतं कधीकधी.

कल्हईवाल्याचं सगळं काम या काडीमोडावरच चालतं. तापल्या पातेल्यावर ऑक्साइडचा काळपट पापुद्रा धरतो. त्यावर कथील टेकवलं तर पसरत नाही, त्याचे मणी होऊन घरंगळतात. मोकळा सुटलेला हायड्रोजन क्लोराइड तो पापुद्रा खातो. हा उजवा रकाना. खालचा उघडा धातू कथलाला भेटतो आणि सांध्यावर दोघांचं संयुग बनतं, तांब्याचे सहा अणू तर कथलाचे पाच. म्हणजे वरून रंग फासावा तशी कल्हई नुसती फासलेली नसते.

उलट डावा रकानाही वाटतो तितका गरीब नाही. शुद्ध कथील 13.2 अंशांखाली आपली रचना बदलू शकतं. चकचकीत धातूची करडी भुकटी होते. मूलद्रव्य तेच, नवा पदार्थ नाही, म्हणजे बदल भौतिकच, पण वस्तूचा पार भुगा! निफाडला जानेवारीत पारा त्याच्या खाली सहज जातो. तरी निफाडकरांनी पातेली गोधडीत गुंडाळू नयेत. हा बदल प्रत्यक्षात घडायला शून्याखालची कडक थंडी आणि भरपूर सवड लागते, शिवाय अँटिमनी किंवा शिशाची किंचित भेसळही तो रोखून धरते. (म्हणून कल्हईत शिसं चालवून घेऊ नका. ते पोटात जाणं थंडीपेक्षा वाईट.)

तेव्हा उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंना आणि सरांना एकच विनंती. नवसागर तापवण्यापुढे एखाद्या पोरीने ‘रासायनिक बदल’ असं लिहिलं, तर लाल पेन जरा थांबवा आणि तिचा गुण तिला द्या.