मँचेस्टरमधलं धुळे-जळगाव

मँचेस्टर,
१८ एप्रिल २०११

ती. नाना व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे इथे खुशाल. म्हणजे चौघांपैकी दोघी जरा जास्तच खुशाल आहेत आणि आम्हा बापलेकांना शनिवार रात्रीपासून जेवण गोड लागलेलं नाही. आईनं लगेच घाबरू नये. पोटाचं काही नाही, फुटबॉलचं आहे.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर्ल्ड कप तर आपण जिंकला, मग आता तुमच्याकडे कोणत्या कपाचं चाललंय?" मी सांगायला सुरुवात केली तोच आईनं फोन घेतला आणि विषय नातवंडांच्या खोकल्यावर गेला. म्हणून कागदावर लिहितो. कागदावर आईला मध्ये बोलता येत नाही.

हा एफए कप. १८७१-७२ पासून चालू आहे, फुटबॉलमधला जगातला सगळ्यात जुना. यंदा सेमीफायनलची चिठ्ठी निघाली ती मँचेस्टर सिटी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. दोन्ही आमच्याच गावचे. मैदानांमध्ये जेमतेम सहा-सात किलोमीटर. पण सेमीफायनल लंडनला वेम्बलीवरच व्हायची, अशी अलीकडची पद्धत आहे. जळगाव आणि धुळ्याच्या संघांनी एरंडोल-पारोळ्याला गाठ न घालता थेट वानखेडेवर जाऊन भांडावं, तसा हा प्रकार. शनिवारी इथली लाल आणि आकाशी शर्टांची मंडळी तीनशे किलोमीटर लांब गेली आणि घरी बसून फुकटात बोलता आलं असतं तेच एकमेकांना तिकडे बोलून आली.

नाना, तुम्ही नोकरीत असताना कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच पाहिली आहे, तेव्हा पेठापेठांतलं हे वेड तुम्हाला सांगायला नको. आईसाठी सांगतो. आपल्याकडे बॉलला पाय लागतो तो क्रिकेटचा बॉल गटारीतून बाहेर काढताना. इथे माणसाला नाव विचारण्याआधी विचारतात, "लाल की निळा?"

हा प्रश्न आमच्या घरात शिरला आणि घराची फाळणी झाली. थोरल्याच्या वर्गातली बहुतेक पोरं लाल, म्हणून तो युनायटेडचा. धाकटीला आकाशी रंग आवडतो, म्हणून ती सिटीची. मी विचार करून युनायटेड घेतलं. हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावानं रेल्वेच्या डबे-वॅगन कारखान्यातल्या कामगारांनी काढला. रेल्वेवाल्यांचा क्लब म्हणजे आपलं भुसावळच की! जळगाव जिल्ह्याच्या माणसानं दुसरीकडे जावं तरी कुठे?

तुमच्या सूनबाईंनी हे ऐकलं आणि त्याच मिनिटाला त्या सिटीच्या झाल्या. धुळ्याची मुलगी, तिला निमित्त पुरतं. तिचं म्हणणं असं. सिटीला मोठा कप मिळाला तो १९७६ मध्ये, त्यानंतर पस्तीस वर्षं काही नाही. युनायटेडवाल्यांनी तर आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर फलकच टांगलाय. सिटीच्या कोरड्या वर्षांचा आकडा त्यावर लिहायचा आणि दरवर्षी एकानं वाढवायचा. "मनमाड-इंदूर गाडीची वाट पाहणाऱ्या धुळेकरांना हा फलक कुणी समजावून सांगायला नको," असं म्हणून तिनं आकाशी मफलर विकत आणला.

मी म्हटलं, कसली गरिबी? सिटीला २००८ मध्ये अबूधाबीच्या शेखनं विकत घेतलंय, पाण्यासारखा पैसा ओततोय. तर म्हणाली, "सोन्याच्या पैशावर मिरवणाऱ्या जळगावकरांनी हे बोलावं?" आई, तू पसंत केलेली सून आहे, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

इथून पुढे वाद फुटबॉलचा राहिलाच नाही. १९०६ साल निघालं. खानदेशाची कचेरी धुळ्याला होती, इंग्रजांनी जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले तेव्हा कुठे जळगाव जिल्ह्याचं गाव झालं, हे तिच्या वडिलांनी, आप्पांनी, आमच्या लग्नाच्या पंगतीत सांगितलेलं तिनं पुन्हा सांगितलं. मग १९९० चं विद्यापीठ. तेही जळगावनं नेलं. मग मी रेल्वेची मेन लाइन काढली. तिनं मुंबई-आग्रा रस्ता काढला. मी बामणोदची वांगी काढली. तिनं दोंडाईच्याची मिरची काढली. थोरल्यानं विचारलं, "यांतला युनायटेडकडून कोण खेळतो?"

आमच्या शेजारच्या म्हातारबाबांबद्दल मागे लिहिलं होतं. त्यांची आणि आमची मधली भिंत एकच. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू जातात, त्यांच्या शिव्या आम्हाला. गृहस्थ जन्मापासून सिटीचा. एकटेच असतात म्हणून मॅच बघायला आमच्याकडे आले. सूनबाईंनी त्यांना "कसा शे भो?" एवढं शिकवलंय, ते दारातच म्हणतात आणि थेट शेवेच्या डब्याकडे जातात.

या बाबांनी मला युनायटेडबद्दल पहिलंच सांगितलं, की तो मँचेस्टरचा क्लबच नव्हे! ओल्ड ट्रॅफर्ड मैदान मँचेस्टर शहराच्या हद्दीबाहेर, ट्रॅफर्डच्या पालिकेत येतं. गंमत म्हणजे हे अगदी खरं आहे. मी उत्तर दिलं, भुसावळही जळगावच्या हद्दीत नाही, म्हणून काय गाड्या थांबायच्या राहिल्या? बाबांना काही कळलं नाही. सूनबाईंना कळलं, पण त्या हसल्या नाहीत.

ओल्ड ट्रॅफर्ड म्हटल्यावर नानांना क्रिकेटचं आठवेल. हो, क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड त्याच्या जवळच आहे. १९९० च्या ऑगस्टात सचिननं कसोटीतलं पहिलं शतक तिथेच काढलं. बाबांना हे मी आवर्जून सांगितलं. त्यांनी शेव खात मान हलवली आणि विचारलं, "तो लाल की निळा?"

पण मॅचला वेळ होता तेव्हा बाबांनी जुन्या गोष्टी काढल्या, त्या नानांनी वाचाव्यात म्हणून लिहितो. १९४१ मध्ये जर्मनांच्या बॉम्बनी ओल्ड ट्रॅफर्डची वाट लागली. युनायटेडला खेळायला जागा नाही. तेव्हा त्यांनी बिऱ्हाड मांडलं ते सिटीच्या मेन रोड मैदानावर, आणि १९४९ पर्यंत त्यांचे घरचे सामने तिथेच झाले. भाडं चोख घेतलं असणार, पण जागा दिली. युनायटेडला नाव मिळवून देणारे मॅट बझ्बी स्वतः सिटीचे खेळाडू, १९३४ चा हाच एफए कप त्यांनी सिटीकडून जिंकलेला. आणि १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकला युनायटेडच्या संघाचं विमान पडलं, त्यात वार्ताहर म्हणून गेलेला फ्रँक स्विफ्टही गेला. तो सिटीचा नावाजलेला गोलकीपर, बझ्बींबरोबर १९३४ चा कप जिंकलेला. हे सांगताना बाबा शेव खायचे थांबले होते.

दोन्ही क्लबांच्या बिल्ल्यावर जहाज आहे. तेच जहाज. शहराच्या चिन्हावरून दोघांनीही उचललेलं, व्यापाराचं. आणि व्यापार कशाचा, तर कापसाचा. नाना, तुम्ही सांगायचात ना, अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५ च्या काळात, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला आणि नव्या रेल्वेच्या कडेला जळगावची पेठ वर आली. तो कापूस या गिरण्यांसाठीच निघायचा. मी हे घरात अभिमानानं सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे जळगावला मोठं मँचेस्टरनं केलं. धुळं आपलं आपण झालं."

आता मॅच. युनायटेडचा रूनी खेळणार नव्हता. कारण ऐका. २ एप्रिलला धोनीनं वानखेडेवर षटकार मारून कप आणला, त्याच दिवशी या गड्यानं लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध तीन गोल मारले आणि आनंदाच्या भरात कॅमेऱ्याकडे तोंड करून शिवी हासडली. फुटबॉल असोसिएशननं दोन सामने घरी बसवलं. हा नियम आपल्या सावद्याच्या केळीच्या बाजारात लावला तर सकाळी दहाच्या पुढे बोली लावायला माणूस उरायचा नाही.

सव्वापाचला खेळ सुरू झाला. आमच्या बैठकीत डाव्या सोफ्यावर जळगाव, उजव्या सोफ्यावर धुळे आणि बाबा. पहिला अर्धा तास आमचा होता. बर्बाटोव्हला लागोपाठ दोन संधी आल्या. पहिली गोलकीपर हार्टनं अडवली, दुसरी समोर उघडा गोल असताना त्यानं वरून घालवली. थोरल्यानं उशी फेकली, ती बाबांना लागली. बाबा म्हणाले, "पोराचा नेम बर्बाटोव्हपेक्षा बरा आहे."

मध्यंतरानंतर, बावन्नाव्या मिनिटाला, आमच्याच कॅरिकनं पास चुकवला. याया तुरे नावाचा सिटीचा आडदांड गडी, आयव्हरी कोस्टचा, त्यानं बॉल उचलला, विडिचला मागे टाकलं आणि आमच्या वान डर सारच्या पायांमधून बॉल आत सारला. एक-शून्य. धुळे सोफ्यावर उभं राहिलं. तुमची सून, जी जळगावच्या घरात डोक्यावरचा पदर सावरून चहा आणायची, ती म्हातारबाबांचे दोन्ही हात धरून फुगडी घालत होती. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे दोघंही विसरले.

नंतर बहात्तराव्या मिनिटाला आमच्या स्कोल्सनं झाबालेटाच्या मांडीवर बूट रोवला. लाल कार्ड, बाहेर. दहा जणांनी उरलेला वेळ धावपळ केली, नानीची फ्री किक हार्टच्या हाताला लागून आडव्या दांडीवर आपटली, आणि संपलं. संपल्यावर सिटीचा बालोटेली आमच्या प्रेक्षकांसमोर जाऊन मिरवायला लागला, फर्डिनंड त्याच्या अंगावर गेला, आणि बाकीच्यांनी सोडवासोडव केली. ते पाहून मला आपल्या गणपती विसर्जनाची फार आठवण आली.

बाबांनी जाता जाता सांगितलं, एफए कपाच्या सेमीफायनलला हे दोघं याआधी एकदाच भेटले होते, १९२६ मध्ये. तेव्हाही सिटीच जिंकली, तीन-शून्य. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा हिशेब! माणूस मराठी असता तर भाऊबंदकीच्या दाव्यात याला वकील लागला नसता.

खरा कळस पुढे. आपल्याकडे रात्रीचे पावणेबारा झाले असतील, तेव्हा धुळ्याहून आप्पांचा फोन. सूनबाईंनी त्यांना आधीच कळवून ठेवलेलं. आप्पांनी आयुष्यात फुटबॉलची मॅच पाहिलेली नाही, पण फोनवर पहिलं वाक्य, "काय जावईबापू, ऐकलं की जळगाव हरलं?" मी म्हटलं, आप्पा, जळगाव नाही, मँचेस्टर युनायटेड. म्हणाले, "तेच ते." काल सकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. का वाटले, हे गल्लीला अजून कळलेलं नाही. खाऊन झाल्यावर कुणी विचारतही नाही म्हणा.

नाना, मी यावर विचार केला. या गावात आपल्या तालुक्यांची नावं माहीत असलेला माणूस शोधून सापडत नाही. ऑफिसात मी नुसता "इंडियन". "मुंबईजवळचा का?" असं विचारतात, आणि चारशे किलोमीटरचं काय घेऊन बसायचं म्हणून मी हो म्हणतो. जळगावकर म्हणून मला ओळखणारी, जळगावकर म्हणून नावं ठेवणारी, या देशात एकच व्यक्ती आहे, आणि ती धुळ्याची आहे. पुण्याची बायको असती तर तिनं बामणोदच्या वांग्यावरून भांडण काढलं असतं का? तिला बामणोद कुठे आहे हेच सांगत बसावं लागलं असतं. भांडायला माहितगार माणूस लागतो. बाबांनाही चेल्सी-आर्सेनलबद्दल काही म्हणायचं नसतं. त्यांचं जे काही आहे ते सहा किलोमीटरवरच्यांशी.

फायनल १४ मे ला आहे. सिटीची गाठ स्टोकशी, त्यांनी काल बोल्टनला पाच-शून्यनं झोपवलं. इथले समस्त युनायटेडवाले आता स्टोकचे झालेत, थोरल्यासकट. मी कुणाचा, ते अजून ठरवलेलं नाही. घरात राहायचं आहे, हे ध्यानात घेऊनच ठरवीन.

उन्हात दुपारी बाहेर पडू नका. उडदाचे पापड आणि बिबडे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. मिरची मात्र जळगावहूनच पाठवा, दुसरीकडून मागवू नका.

तुमचा,
भाऊ

ता. क. : ती. नाना व आईंना नमस्कार. ह्यांनी पत्र वाचायला दिलं, तेव्हा एक राहिलेलं लिहिते. हरेल त्यानं अंगणात बसून भरताची वांगी भाजायची, अशी पैज होती, कारण घरात भाजली की धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी गल्ली गोळा होते. शनिवारी रात्री थंडीत कानटोपी घालून ह्यांनी सहा वांगी भाजली. भरीत चांगलं झालं होतं, हे मी धुळ्याची असून लिहिते. शेजारच्या बाबांनी तीनदा घेतलं. मिरची दोंडाईच्याची होती, आप्पांनी पाठवलेली. ह्यांना ते अजून सांगितलेलं नाही, तरी तुमच्या फोनमध्ये विषय काढू नये. आप्पांचा निरोप आहे, की सिटी फायनलला गेली म्हणजे मनमाड-इंदूर गाडीही होणार, आणि पहिल्या दिवशी ते नानांना शेजारी बसवून नेणार. खिडकीची जागा मात्र त्यांची. तोवर दोघांनी तब्येतीला जपावं, कारण वेळ लागेल.