मेंढ्याला विचारा

फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसला कृत्रिम बुद्धिमत्तेची जागतिक परिषद भरली. भारत सहयजमान. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द थेट जाहीरनाम्याच्या मथळ्यातच होता. अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही, म्हणून ते दोघे वगळून सर्वांचा समावेश झाला.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात हे खपलं नसतं. तिथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीला. असं रेंगाळणाऱ्या गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. शिवाय अभ्यासगट आहे. बाहेरचे जाणकार येऊन बोलतात, ठरवतं मात्र गाव. आपल्या तज्ज्ञ समित्यांत जाणकारच ठरवतात आणि गावाला बोलावतात ते उद्घाटनाला.

इकडे ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, सीतारामपेठ गावात, कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे वाघ ओळखून मोबाइलवर इशारा धाडतात. उत्तमच. ज्याच्या अंगणात वाघ येतो, त्याच्यासमोर यंत्राला नावं ठेवायची आपली छाती नाही. पण पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईच्या टोपलीत मोबाइल असतो का? वाघाऐवजी तीच टिपली गेली, तर ते चित्र कुणाचं? हे तिला विचारायला कुठली परिषद भरवायची?

वाघाचं बरं असतं. ताडोब्यातल्या एका वाघिणीला टी-12 असा क्रमांक मिळाला, वर ‘माया’ असं नावही. बाई मात्र ‘स्थानिक लाभार्थी’च्या रकान्यात.