करमणूक : निरंक

अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या लेकीने 2005 साली पुस्तक काढून 50-30-20चा हिशेब गाजवला. निम्मी कमाई गरजांना, 30 टक्के हौसेमौजेला, 20 बचतीला. परभणीत हे सांगायला गेलात, तर पहिला सवाल येईल, ‘टक्के ठीक, पण कशाचे?’ सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, कापसाचे व्यापाऱ्याच्या मर्जीने. आणि हातात पडायच्या आधीच ते कृषी केंद्राच्या उधारीत गेलेले.

म्हणून काय हौस अडते? फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरला की अख्खा जिल्हा तिकडे लोटतो. आकाशपाळण्यात धाकटा रडतो, म्हणून उतरवायचं. उतरल्यावर पुन्हा बसायचंय म्हणून रडतो, म्हणजे दुसरं तिकीट. मग बांगड्या, भजी, मौत का कुआ. घरी आल्यावर वहीत नोंद एकच : ‘दर्शन’. जीप ठरवून लग्नाला गेलो, तर ते ‘व्यवहार’. मोबाइलचा रिचार्ज ‘पोरांचा अभ्यास’. ‘करमणूक’ या रकान्यात शून्य. एवढा संयम वॉरनबाईंनाही झेपला नसता.

सप्टेंबर 2025मध्ये सरकारने 100 रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5वर आणला. वाचलेल्या पैशांत मध्यंतराचा समोसाही येत नाही. पण आता सिनेमा ‘बचत’ या रकान्यात लिहायला हरकत नाही.