सा, पंचम आणि बर्मिंगहॅम

आमच्या वाशीमला मोठ्या आवाजाचं वावडं नाही. लग्नसराईत डीजे असतो, गणपतीत ढोल असतात, आणि सप्ताहात झाडाला बांधलेल्या भोंग्यातून बुवांचं कीर्तन तीन गावांना ऐकू जातं, कळत मात्र एकालाही नाही. तरीही पुण्याला शिकणारा पुतण्या सुटीत आपली इलेक्ट्रिक गिटार घरी ठेवून गेला आणि मी ती अँपला जोडली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलंच, "काहून भाऊजी, मिक्सर बिघडला काय?"

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. पन्नाशी उलटलेल्या पेटीवाल्यानं हेवी रॉक शिकावं, ही कल्पना पुतण्याला इतकी आवडली की त्यानं फोनवरून शिकवणी सुरू केली. पहिला धडा ब्लॅक सॅबाथ या बँडचा. गाण्याचं नाव 'ब्लॅक सॅबाथ', आणि ते ज्या अल्बममध्ये आहे त्याचंही नाव तेच. फेब्रुवारी १९७० मध्ये तो निघाला. नावांत एवढी काटकसर करणाऱ्यांनी स्वरांतही हात आखडता घेतलाय. रिफमध्ये, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या सुरावटीत, मुख्य स्वर तीनच: खालचा सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. मंडळात नुकतं आलेलं पोरही पेटीवर ते काढून दाखवील.

युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्र्यांनी सा आणि तीव्र मध्यमातल्या या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हटलं होतं. मला हसूच आलं. आमच्याकडे हा सैतान दिवेलागणीला यमनात येऊन बसतो आणि कोणी त्याला हटकत नाही. फरक एवढाच की यमनात तीव्र मध्यमाचं घर पुढे असतं. त्याला पंचमाकडे किंवा मागे गंधाराकडे जायचं असतं. या रिफमध्ये तो कुठेच जात नाही. पाहुणा दारात यावा, आत न येता, काही न बोलता नुसता उभा राहावा, तसा तो उभा राहतो. भीती त्याचीच वाटते.

हा रिफ काढला बँडचा गिटारवादक टोनी आयोमीनं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. पुढच्या पिढ्यांनी जो जडपणा शैली म्हणून उचलला, त्यातला बराचसा असा दुखऱ्या बोटांच्या सोयीतून आला आहे. हे वाचलं त्या संध्याकाळी मी फोनवर बोटांचं रडगाणं गाणार होतो. ते मुकाट्यानं गिळलं.

पुढचा धडा पॉवर कॉर्डचा. म्हणजे सा आणि प, बस. गंधार मुद्दाम गाळायचा, कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, तो घातला की सगळा चिखल होतो. सा-प एकत्र वाजले, की त्यांच्या कंपनांच्या वजाबाकीतून सा च्याही खालचा एक खर्ज ऐकू येतो, जो कोणी वाजवलेलाच नसतो. "काका, हीच तर गंमत आहे!" पुतण्या ओरडला. त्याला वाटलं, मी थक्क होईन. मला तंबोरा आठवला. तिथेही तारा सा-प च्या. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी साधली, की कोणीही न छेडलेला गंधार आपोआप बोलू लागतो. मिरजेच्या कारागिराच्या दोऱ्यानं आणि इंग्लंडातल्या अँपनं एकच उद्योग केलाय: साध्या तारेतून तिच्यात दडलेले स्वर बाहेर काढायचे. एकानं अदबीनं, दुसऱ्यानं कॉलर धरून.

खरी अडचण स्वरांची नव्हती, लयीची होती. मी पेटीच्या सवयीनं दोन स्वरांमधली जागा भरत होतो. पुतण्या वैतागला. "काका, भरू नका. थांबा. पंजा तारांवर टेकवून आवाज मारा आणि पुढच्या टोल्याची वाट पाहा." वाट पाहायला वाशीमकराला शिकवावं लागतं, हे नवलच. पेरणीनंतर आभाळाकडे बघत आम्ही दुसरं काय करतो? आमच्याच जिल्ह्यातल्या बंजारा समाजाचा नंगारासुद्धा घुमतो तो दोन टोल्यांमधल्या मोकळ्या जागेत. वजन आवाजाच्या बटणात नसतं, हे मला उशिरा उमगलं. लाइन गेली की ते पडताळताही येतं. अँप मुका होतो, गिटार डास गुणगुणावा एवढीच वाजते, पण मधली शांतता बरोबर पडली तर रिफ तेव्हाही जडच लागतो. वहिनींचंही मत पडलं, "लाइन नसते तवा भलतं गोड वाजवता तुमी."

शेवटी धीर करून गिटार मंडळात नेली. टाळकरी जरा मागे सरकले. आमचे पखवाजवाले आबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी डोळे मिटून सगळा रिफ ऐकला. सैतान, बर्मिंगहॅम, डिस्टॉर्शन यांतलं काही समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पखवाज मांडीजवळ ओढून घेतला.

"सम कुठी हाय तेवढं सांग, बाकीचं मी पायतो."