तिसऱ्या बंगल्यातले व्हॉल्व्ह

अहो वहिनी, ते कपडे राहू द्या घटकाभर, इकडे या कुंपणाशी. तिसऱ्या बंगल्यात काय चाललंय, कळलं का? भांडण. छे हो, सासू-सुनेचं नाही, ते जुनं झालं. हे बापलेकांचं आहे, आणि कशावरून म्हणाल तर गिटारच्या अॅम्प्लिफायरवरून.

त्यातही गंगा उलटी. नाना साठी ओलांडलेले, त्यांना हवाय कॉम्प्युटरवाला. धाकटा विशीतला, तो व्हॉल्व्हच्या मागे लागलाय. हो, तेच काचेचे, आपल्या लहानपणी रेडिओत असायचे. बटण फिरवलं की आधी आत लाल उजेड आणि बऱ्याच वेळाने बातम्या. तो म्हणतो खरा आवाज तोच, बाकी सगळी नक्कल. नाना म्हणतात, ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा गणपतीचे दहाही दिवस असली धुडं टेम्पोत चढवून कंबर घालवली, आता घरात नकोत.

मला कसं कळतं त्यातलं? विसरलात का, सांगलीला बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि बाबांपुढे टॉर्च धरून उभं राहायचं. ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह तर मी डोळे मिटून ओळखायची, कितीतरी रेडिओंत तोच. आणि परवा तो पोरगा मला सांगतो की बीटल्स ज्या व्हॉक्स एसी ३० वर वाजवायचे त्यात हेच ईएल ८४, चांगले चार. बाबा असते तर दुकानावर पाटी लावली असती.

तर नानांपुढे पर्याय असे. दोन्ही फेंडरचे, नावही एकच, डिलक्स रिव्हर्ब. शेजारी ठेवले तर जुळी भावंडं. एकात नऊ व्हॉल्व्ह. दुसरा २०१९ साली निघाला, टोन मास्टर म्हणतात, त्यात व्हॉल्व्ह औषधालाही नाही. त्या नऊंनी काय केलं असतं ते चिप गणित करून काढते, त्यालाच मॉडेलिंग म्हणतात. वजन एकाचं १९ किलो, दुसऱ्याचं साडेदहा. नानांनी तेवढंच वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

पण गंमत ऐका. व्हॉल्व्हवाला २२ वॅटचा. त्याची बरोबरी करायला दुसऱ्याच्या पोटात १०० वॅटचा डिजिटल अॅम्प्लिफायर घालावा लागलाय! व्हॉल्व्ह ताणला तरी एकदम फाटत नाही, हळूहळू भरून येतो, म्हणून त्याचे २२ वॅट कानाला दांडगे लागतात. डिजिटलवाला स्वतःच्या टोकाला पोचला की सरळ चरचरतो, मग त्याला वर मोकळी जागा ठेवावी लागते. शिवाय या व्हॉल्व्हवाल्यात एसीचं डीसी करायलाही व्हॉल्व्हच आहे. तार जोरात छेडली की आतलं व्होल्टेज क्षणभर बसतं, सूर दबतो आणि मग फुलून वर येतो. चिप त्याचीही नक्कल करते म्हणे, बरीच चांगली करते. उरलासुरला फरक वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला विचाराल तर डोकं दोन्हींनी सारखंच उठतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. हे दबणं-फुलणं होतं कधी? आवाज मोठा केला तर. आपल्या कॉलनीत तो पठ्ठ्या बटण दोनच्या पुढे नेईल का? राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. कोपऱ्यावरचे निवृत्त साहेब तर फोन हातात घेऊनच बसलेले असतात. दोनवर स्पीकरला ताकद देणारे शेवटचे दोन दांडगे व्हॉल्व्ह आरामात बसून राहतात. आवाज गोड येतो, नाही म्हणत नाही, पण ज्यासाठी लाखाच्या वर पैसे मोजायचे ते घडतच नाही. दिवाळीला माळ लावल्यासारखा उजेड तेवढा पडतो.

हे सांगितलं तर म्हणतो, काकू, मग पाच वॅटचा घेतो. वेडं पोर. वॅट दहापटीने कमी केले तेव्हा कुठे कानाला आवाज निम्मा वाटतो. पाच वॅटनेसुद्धा तुमची कपाटातली भांडी वाजतील. त्या टोन मास्टरला मागच्या बाजूला खटका आहे, २२ वरून ०.२ वॅटपर्यंत उतरतो, आणि मोठ्याने वाजवल्यासारखा पोत बराचसा राखतो. स्पीकर बंद ठेवून सरळ रेकॉर्डिंगला तार लावा. व्हॉल्व्हवाला स्पीकर काढून चालवाल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळून बसाल.

खरं-नक्कल हे तर मला मुळीच पटत नाही. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली पहिला अॅम्प तयार झाला तो फेंडरच्या बासमनवरूनच उचललेला. भाग तिकडे मिळतील ते घातले, आवाज वेगळा निघाला आणि नाव झालं. मग नकलेला नाक मुरडायचं कशाला?

बरं, पोराचं एक म्हणणं मात्र मी नानांना तोंडावर सांगितलं. साठ वर्षांपूर्वीचे व्हॉल्व्हचे अॅम्प अजून वाजतात, कारण ते उघडता येतात. कंडेन्सर बदला, व्हॉल्व्ह बदला, पुन्हा सुरू. चिपवाला बिघडला की आख्खा बोर्ड बदला, आणि पंधरा वर्षांनी तो बोर्ड कोण देणार? नानांकडे उत्तर होतं म्हणा. म्हणाले, व्हॉल्व्ह तरी कोण देतंय? आपल्याकडे बेंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हायचे, ते केव्हाच थांबलं. आता स्लोवाकिया, रशिया, चीन. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा जगभर गिटारवाल्यांची धावाधाव झाली. आणि उघडणार कोण? आत चारशेच्या आसपास व्होल्ट. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेलाच असतो. बाबा एक हात पाठीमागे धरून काम करायचे, दोन्ही हातांतून छातीकडे झटका जाऊ नये म्हणून. हल्लीच्या मोबाइलवाल्यांना कोण शिकवणार ते?

शेवट काय झाला? तेच सांगायला बोलावलं. न्यू जर्सीचा मामा लहान घरात राहायला चाललाय. त्याच्याकडे व्हॉल्व्हचाच डिलक्स रिव्हर्ब, वीस वर्षं तळघरात. म्हणाला, भाच्यासाठी तो घेऊन येतो. विमानात एका बॅगेला २३ किलो चालतात, हा १९, व्हॉल्व्ह काढून मोज्यांत गुंडाळायचे. पोरगं हवेत! आणि नानांनी, हे तुमच्या-माझ्यात हं, तो दुसरा स्वतःसाठी मागवलासुद्धा. बायकोला सांगितलं हप्त्यावर रूम हीटर घेतलाय. मे महिन्यात, वहिनी!

आता अडलंय ते विजेपाशी. तो अॅम्प १२० व्होल्टचा, इथे २३० लावला तर धूर. आणि पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलंय. आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्तच तापणार. स्टेप-डाऊन लावला तरी व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत, म्हणून मी सांगितलंय की तासभर वाजव आणि गार होऊ दे.

तर म्हटलं, तुमच्या दिरांनी अमेरिकेहून मिक्सर आणला होता ना, त्याच्याबरोबरचा तो जड स्टेप-डाऊन माळ्यावर आहे का अजून? ५०० वॅटचा असला तर पुरे. नुसता पडून आहे म्हणून मागते हो. काय? मिक्सरही घ्या म्हणता सोबत?